वजनाचा काटा आणि खेळाडूचा कस



जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पूर्वी वजनाचा काटा नसे. पंच मंडळी दोन्ही गड्यांच्या छातीकडे, दंडांकडे आणि मांड्यांकडे एकवार नजर टाकीत आणि जोड लावून देत. अनुभवी डोळा हाच तेथील तराजू. पुढे खेळ जगाच्या मैदानावर गेला, नियम बांधले गेले आणि डोळ्याची जागा काट्याने घेतली. आज मला बोलावयाचे आहे ते या काट्याविषयी, आणि तेही विशेषतः भारोत्तोलनाच्या, म्हणजे ज्याला आपण सर्वजण वेटलिफ्टिंग म्हणतो त्या खेळाच्या संदर्भात.

हा खेळ वरकरणी अगदी साधा. स्नॅच या प्रकारात लोखंडी दांडा जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यावयाचा. क्लीन अँड जर्क या प्रकारात तो आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर न्यावयाचा. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात, आणि दोन्हींतील सर्वोत्तम उचलींची बेरीज जिची मोठी तिचा विजय. परंतु जाड्याने बारक्याला हरविण्यात पुरुषार्थ तो कोणता? म्हणून खेळाडूंचे वजनगट पाडलेले असतात. गटाची मर्यादा पंचावन्न किलोची असेल, तर काटा पंचावन्नच्या वर जाता कामा नये. नियम न्यायाचा आहे. पण याच नियमातून एक खोटा मोह जन्माला येतो. खेळाडूला वाटते, आपण एक गट खाली उतरलो तर प्रतिस्पर्धी हलके मिळतील आणि पदक सोपे होईल.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या उन्हात तापीच्या घाटावर मी आमच्या शाळेतील एका मुलाला धावताना पाहिले. अंगात लोकरी स्वेटर, त्यावर पावसाळी कोट, ओठ कोरडे पडलेले. चौकशी केली तेव्हा कळले, की दुसऱ्या दिवशी स्पर्धा आहे, गटाच्या मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरते आहे, आणि म्हणून आदल्या सायंकाळपासून त्याने पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. मी त्याला घरी नेऊन पाणी पाजावयास हवे होते. तसे न करता मी त्याच्या जिद्दीचे कौतुक करून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तो काट्यावर बरोबर बसला. पण उचलीच्या वेळी पायांत गोळे आले आणि स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले. एका प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले म्हणजे बेरीजच उरत नाही. सरावात जो भार तो हसतहसत उचलीत असे, तोच त्या दिवशी त्याला हलेना. त्या कौतुकाची लाज मला आजही वाटते. हे भाषण त्या लाजेपोटीच आहे, असे समजावे.

त्याचे काय चुकले? शरीराचे वजन म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. त्यात हाडे आहेत, स्नायू आहेत, चरबी आहे, पोटातील अन्न आहे आणि सर्वांत अधिक पाणी आहे. चरबी एका रात्रीत जात नाही. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठविलेल्या असतात. म्हणजे रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरावयाचा. रात्रीतून जे उतरते ते पाणी असते, आणि त्याबरोबर स्नायूंतील साखरेचा साठा. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे काट्यावर जो आकडा खाली आला, तो शक्तीच्याच कोठारातून चोरलेला असतो. साठ किलोच्या माणसाने घामावाटे सव्वा किलो पाणी गमावले, की शरीराचे दोन टक्के पाणी गेले. तेथून पुढे दम, लक्ष आणि चित्ताची स्थिरता ढळू लागते, आणि तूट वाढत गेली की जोरही कमी पडतो. कुंडी भंडाऱ्याच्या गावी राहणाऱ्यांना लपलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागू नये. ते दिसत नाही, पण सारे गाव त्यावर उभे असते.

कोणी म्हणेल, वजन झाल्यावर पाणी पिऊन भरून काढू. भारोत्तोलनात ते जमत नाही. स्पर्धेच्या दोन तास आधी वजने सुरू होतात आणि तासभर चालतात. मधल्या थोड्या वेळात तहान भागते. पेशीपेशीतील तूट भागत नाही.

या मोहाची परिसीमा कोठपर्यंत जाते, हे इतिहासाने दाखविले आहे. 1997 सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्याच्या प्रयत्नात, सुमारे महिन्याभराच्या आत, मृत्यू पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्याच्या रबरी पोषाखांवर बंदी आली. आणि 2024 सालच्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट तर आपणा सर्वांच्या मनात ताजी आहे. विनेश फोगाट पन्नास किलो गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. ऑलिंपिक कुस्तीत दोन्ही दिवशी वजन होते. दुसऱ्या सकाळी काटा शंभर ग्रॅमने वर गेला आणि ती बाद ठरली. रात्रभर जागून, सर्व उपाय करूनही ते शंभर ग्रॅम हटले नाहीत. एवढ्या मोठ्या, कसलेल्या, वैद्यांच्या देखरेखीखालील खेळाडूची ही गत, तर घाटावर एकट्याने धावणाऱ्या शाळकरी पोराचे काय?

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला 52 किलो गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी, 1952 साली हेलसिंकीला, ते 57 किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. ते वरच्या गटात गेले म्हणून पदक दूर गेले नाही.

कर्णम मल्लेश्वरीचे उदाहरण तर भारोत्तोलनातीलच. 1994 आणि 1995 साली ती 54 किलो गटात जगज्जेती होती. 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ती 63 किलो गटात दिसली, आणि 2000 साली सिडनीत 69 किलो गटात 110 आणि 130, अशी 240 किलोंची बेरीज करून तिने कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. शरीर पाच वर्षांत जसे वाढले तशी तिची पायरीही वर चढली.

त्याच सिडनीच्या स्पर्धेत पहिल्या दोघींची बेरीज सारखीच, 242.5 किलो, झाली होती आणि जिचे शरीरवजन कमी तिला सुवर्ण मिळाले. ही गोष्ट सांगून मुलांना हलके होण्याची भूल घालणारे अजूनही भेटतात. त्यांना एवढेच सांगावे, की तो नियम 2017 पासून बदलला आहे. आता बरोबरी झाली, तर ज्याने ती बेरीज आधी गाठली तो वर. हलक्या अंगाला बरोबरीत आता कसलीही बक्षिसी नाही.

सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 113 आणि 135, असे 248 किलो उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये कोपर दुखावले आणि सुवर्ण 249 किलोंवर मलेशियाला गेले. अंतर एका किलोचे; पण हा किलो काट्यावरचा नव्हे, दांड्यावरचा होता. पदक शेवटी दांडा देतो. काटा फक्त दार उघडतो.

मग दार कसे उघडावे? माझे म्हणणे असे, की काम महिन्यांचे असावे, रात्रीचे नसावे. खेळाडूने रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि वहीत लिहावे. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. आठवड्याची सरासरी पाहावी. सरावातील वजन गटाच्या मर्यादेपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून अधिक वर ठेवू नये. साठ किलोचा गट असेल, तर साडेएकसष्टच्या आसपास राहावे. प्रौढ खेळाडूला उतरावयाचे असलेच, तर आठवड्याला अर्ध्या किलोहून घाई नको. कमी करावयाचे ते तळण आणि गोड. बऱ्हाणपूरची मावा जिलबी आणि दराबा स्पर्धेनंतरही येथेच असतात. मात्र डाळ, हरभरे, शेंगदाणे, दही, अंडी, मासे यांना हात लावू नये. कारण प्रथिने तुटली की चरबीबरोबर स्नायूही झिजतो. दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम प्रथिने, हे साधे प्रमाण लक्षात ठेवावे.

शेवटचे एक-दोन दिवस चोथ्याचे अन्न थोडे कमी केले, की पोट हलके होते. तेवढ्याने काहीशे ग्रॅम सहज उतरतात आणि शक्तीचे काही जात नाही. पाणी मात्र चालू ठेवावे. वजन झाल्यावर लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घोटघोट घ्यावे, भाताची पेज घ्यावी, केळे खावे. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून परदेशी डब्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांना तर स्पर्शही करू नये. त्या आरोग्याला घातक आहेतच, शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनी बंदी घातलेल्या आहेत. मुलींच्या बाबतीत पाळी लांबली वा थांबली, तर तो शरीराने दिलेला इशारा आहे. तेथे काटा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आणि जी मुले वाढीच्या वयात आहेत, त्यांच्याबाबत माझे म्हणणे याहून कडक आहे. त्यांनी वजन उतरवूच नये. अंग वाढले, तर वरच्या गटात जावे. आम्हा ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वी उपवासकाळ असतो. परंतु अठरा वर्षांखालील मुलांवर चर्चने उपवासाचे बंधन घातलेले नाही. रमजानचे रोजे लहान मुलांवर आणि आजाऱ्यांवर बंधनकारक नाहीत. एकादशी करणारी आजीही नातवाच्या पानात वरणभात वाढतेच. देवाच्या नावाने जे आपण मुलांकडून मागत नाही, ते एका पदकाच्या नावाने मागावयाचे काय? उपवासाने माणूस स्वतःला ओळखतो. रात्रीतून अंग वाळवून तो फक्त काट्याला फसवितो, आणि काटा त्याचा सूड दांड्यावर उगवितो.

म्हणून पालकांना आणि वस्तादांना माझी एवढीच विनंती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आपले पोर उन्हात स्वेटर घालून धावताना दिसले, तर त्याच्या जिद्दीचे कौतुक करू नका. त्याला सावलीत बसवा आणि पाण्याचा पेला त्याच्या हाती द्या. उद्या तो एक गट वर खेळेल, कदाचित हरेलही. पण परवा पुन्हा उचलावयास तो आखाड्यात असेल.