कूलरची टाकी घासा

उन्हाळा लागला की फुलसावंगीत घरोघरी कूलर घरघरू लागतात. रांजण, ड्रम, हौद काठोकाठ भरले जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. हा डास चावतोही दिवसा! त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून कूलर नुसता उपसून भागत नाही. आठवड्यातून एकदा टाकीच्या कडा काथ्यानं खसाखसा घासा, उन्हात वाळवा, मगच भरा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात त्याचा डाव मोडतो. हौदात गप्पी मासे सोडा. कॉइलच्या धुरानं अळी मरत नाही, आपणच खोकतो.

सांडपाण्यातल्या डासांचं दुखणं निराळं. पैनगंगेपल्याड, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले: चार फूट खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. सांडपाणी जमिनीत मुरलं, डास हटले.

आणि हो, ताप आला तर अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.