अंगणातला मोह
(देणगीदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जून जवळ आला की तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, "यंदा किती रोपे पाठवू?" तुमच्या प्रेमाबद्दल मनापासून आभार. पण आज माझी विनंती वेगळी आहे. रोपांऐवजी कुंपणासाठी मदत द्या.

सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, कुडाच्या घरांच्या जागी पत्र्याची आणि स्लॅबची घरे येत आहेत. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे तळमळतात. घरावर सावली हवी. पण जिथे हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तिथे झाडही कमी पाण्यावर जगणारेच हवे. असे झाड त्यांच्या रानातच आहे : मोह.

मोह म्हटले की आपल्याला आधी दारू आठवते. पण त्याची फुले वाळवून खातात आणि बियांचे तेल स्वयंपाकाला वापरतात. एकदा रुजलेला मोह दुष्काळ सोसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने गळतात, मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात आणि मागोमाग तांबूस पालवी फुटते.

रानात जुने मोह पुष्कळ दिसतात, पण तरुण मोह क्वचितच. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपेही जळतात. उरलेली गुरे-शेळ्या खातात. म्हणूनच मोह अंगणात, माणसांच्या नजरेखाली वाढवायला हवा.

आम्ही लोकांना सांगतो : जून-जुलैत पडलेले ताजे बी लगेच पेरा, ते फार दिवस टिकत नाही. सोटमूळ दुखावू नये म्हणून कायमच्या जागीच पेरा. दुपारनंतरचे ऊन अडावे म्हणून घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून वीसेक फुटांवर खड्डा घ्या आणि दोन-तीन बिया टाका. भोवती पक्के कुंपण करा. पहिले दोन उन्हाळे भांडी विसळलेले पाणी घाला.

मोह सावकाश वाढतो. आज बी पेरणाऱ्या आजीला त्याची सावली मिळेलच असे नाही, तिच्या नातवंडांना मिळेल. तोवर तिच्या अंगणात पानांचा मांडव घालायलाही आपण हातभार लावू.

एका कुटुंबामागे एक झाड आणि एक कुंपण, एवढेच मागतो. पुढे आम्ही भेटलो, की रोपे किती लावली हे विचारू नका. तिसऱ्या पावसाळ्यात किती जगली, ते विचारा.