सकाळी गेलो, रात्री आलो

(१९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "माझी वाटचाल" असा विषय दिला होता. माझी वाटचाल सांगण्यासारखी फारशी नाही. कळंबहून एस.टी.नं शाळेत यायचो, पुढं डिप्लोमा केला, चाकणला नोकरी लागली, मोशीत घर घेतलं. एवढ्यात ती संपते. पण गेली बारा वर्षं मी विमानानं फार फिरलो. गावी आलो की कुणीतरी म्हणतंच, "तुझं बरंय बुवा, विमानाशिवाय बोलत नाहीस." तेव्हा आज ठरवलं की ते बरं कसं असतं ते एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकावं.

आमची कंपनी मोटारींच्या कारखान्यांना लागणाऱ्या यंत्रांचं काम करते. हे कारखाने देशभर पसरलेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर, दिल्लीजवळ मानेसर, गुजरातेत साणंद. तिथं यंत्र अडलं, मापात फरक आला, की फोन येतो आणि मी जातो. सकाळी जायचं, रात्री यायचं. मुक्काम नाही.

असा एक दिवस सांगतो. मोशीत पहाटे तीनला उठायचं. सव्वाचारला लोहगाव. रांग, मग तपासणी. लॅपटॉप बाहेर काढा, पट्टा काढा, खिसे रिकामे करा, हात वर करा. सहाचं विमान असलं तरी दार पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. पावणेआठला चेन्नई. तिथून गाडीनं श्रीपेरुंबुदूर, सव्वानऊ. ज्या साहेबांना भेटायचं ते मीटिंगमध्ये, ते अकराला मोकळे. प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांचं. मग जेवण, कागदपत्रं, परत विमानतळ. साडेसहाचं विमान पावणेनऊला सुटतं. पुण्यात उतरायला साडेदहा, घरी पोचायला बारा.

म्हणजे एकवीस तास. त्यातले हवेत साडेतीन, कामाची चाळीस मिनिटं. उरलेले जवळपास सतरा तास मी गाडीत, रांगेत आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काढले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसात हजर. कारण एका दिवसाचा दौरा हा दौरा धरतच नाहीत.

विमानाला उशीर का होतो, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आभाळ स्वच्छ, पाऊस नाही, तरी फलकावर वेळ पुढं सरकते. मग एकदा उलगडा झाला. आपल्या नारायणगाव डेपोची गाडी आठवा. पहिली फेरी अर्धा तास उशिरा सुटली की त्या गाडीच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या उशिरा. विमानाचंही तसंच असतं. एकच विमान दिवसभर चार-सहा गावं करतं. सकाळी दिल्लीत धुकं पडलं तर त्याचा उशीर संध्याकाळी चेन्नईत बसलेल्या माणसाला भोगावा लागतो. त्यात आपलं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठाणं. धावपट्टी एकच, ती त्यांची, आणि आपली प्रवासी विमानंही तिच्यावरच. २०२४ च्या जुलैत नवी इमारत सुरू झाली. खुर्च्या वाढल्या, जागा ऐसपैस झाली, धावपट्टी तीच. चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला विमानतळ होणार म्हणून आपल्याकडं किती वर्षं चर्चा चालली होती, तुम्हाला माहीत आहे. शेवटी जागा पुरंदरला ठरली.

एक गंमतही सांगतो. एकदा मी गावाहून थेट विमानतळावर गेलो. आईनं मासवडीचा डबा दिला आणि रस्सा वेगळ्या बरणीत. म्हणाली, "तिकडं भातच खातात, तुझे हाल होतील." तपासणीच्या यंत्रात बरणी दिसली. जवान उत्तरेकडचा. त्यानं विचारलं, हे काय? आता मासवडी हिंदीत कशी सांगायची? मी म्हणालो, "मछली नहीं है, बेसन है." त्याचा संशय आणखी वाढला. वड्या त्यानं जाऊ दिल्या, रस्सा ठेवून घेतला. मी कोरड्या मासवड्या खात चेन्नईला गेलो. आईला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आई, आज सांगतोय.

हसण्यावारी नेण्यासारखं हे एवढंच. आता पुढचं.

काही वर्षांपूर्वी भूगोलाचे आपले सर मला नारायणगावच्या स्टँडवर भेटले. सरांनी आपल्याला नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं, आठवतंय ना? दोरा नदीसारखा वळवायचा, मग पट्टीवर ताणायचा. मी मोठ्या दिमाखात म्हणालो, "सर, काल सकाळी चेन्नईला गेलो आणि रात्री परत." सर म्हणाले, "अरे वा. मग मरीनाचा समुद्र पाहिलास का?"

मी गप्प झालो. तोपर्यंत एकतीस वेळा चेन्नईला गेलो होतो. समुद्र एकदाही पाहिला नव्हता.

आणि नववीत याच सरांनी आपल्याला नाणेघाटात नेलं होतं. तो एक दिवस मला सबंध आठवतो. माथ्यावरचा दगडी रांजण, जकातीचा म्हणतात तो. लेण्यातला ब्राह्मी लेख. सर सांगत होते की दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल या घाटानं जुन्नरला चढायचा, आणि ज्या लेण्यात आपण डबे सोडलेत तिथं वाटसरू विसावा घ्यायचे. त्या व्यापाऱ्यांचाही धंद्याचाच प्रवास होता. पण घाट चढल्यावर टेकायचं असतं, हे त्यांच्या वाटेनं धरलेलं होतं. आमच्या वाटेनं तेच काढून टाकलं.

आता मूळ गोष्ट. ती सांगायची की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला.

२०१८ चा ऑगस्ट. मी चेन्नईच्या विमानतळावर बसलो होतो. परतीचं विमान आधी एक तास, मग अडीच तास पुढं गेलेलं. आईचा फोन आला. दादा गोठ्यात घसरून पडले होते. पाऊस होता, शेण-चिखल झाला होता. त्यांना उठता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. मी घरात एकुलता एक. पुण्यात असतो तर दोन तासांत पोचलो असतो.

मित्रांनो, एस.टी. चुकली तर माणूस चालत निघतो. ट्रकला हात करतो. निदान पाय हलवतो. विमानतळावरून चालत निघता येत नाही. समोर काचेपलीकडं विमानं उभी, हातात बोर्डिंग पास, आणि आपण खुर्चीवर. काउंटरवरच्या मुलीला मी तीन वेळा विचारलं. ती बिचारी तरी काय करणार? विमान अजून दुसऱ्याच गावाहून निघालेलं नव्हतं.

मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला फोन लावला. त्याचं नाव घेणार नाही. "नाव घेतलंस तर उठून जाईन," असं त्यानं बजावलंय. मागच्या बाकावर बसायचा, एवढं सांगतो. कळंबलाच शेती करतो. त्या वेळी तो टोमॅटोची कॅरेट पिकअपमध्ये भरत होता, नारायणगावच्या मार्केटला न्यायला. त्यानं एवढंच विचारलं, "दादा कुठं पडलेत?" भरलेली कॅरेट खाली उतरवली, मागं गादी टाकली, दादांना झोपवलं आणि मंचरला दवाखान्यात नेलं. पैसे भरले, सही केली. नातं या रकान्यात त्यानं "मुलगा" लिहिलं. तो कागद माझ्याकडं आहे.

मी पुण्यात उतरलो, चाकणची गर्दी पार करत मंचरला पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. हा पायरीवर बसला होता. म्हणाला, "दादा झोपलेत. तू पण झोप. मी आहे." त्याचा माल त्या दिवशी गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी भाव पडला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं.

दादा आज तिसऱ्या रांगेत बसलेत. वॉकर घेऊन आलेत. (टाळ्या)

त्या रात्रीनंतर मी एक हिशेब मांडला. कंपनीच्या हिशेबात त्या दौऱ्याचा खर्च म्हणजे तिकीट आणि टॅक्सी. माझ्या हिशेबात एक दिवस आणि झोप. पण त्या दिवसाची खरी किंमत पिकअपमधून उतरवलेल्या कॅरेटांनी भरली होती. ती कुठल्याच बिलात नव्हती. आपण बाहेर असतो, तेव्हा आपली जागा कुणीतरी भरून काढत असतं. लांबच्या प्रवासाला निघालं की निदान सगळ्यांना सांगून निघतो, शेजाऱ्याला म्हणतो, जरा लक्ष ठेव. सकाळी जाऊन रात्री यायचं तर कुणाला सांगतच नाही. मी तर गेलोच नाही, असंच धरून चालतो. म्हणून लक्ष ठेवणाऱ्याचं ओझंही दिसत नाही.

मग २०२० आलं. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं थांबली, ती २५ मेपर्यंत. मला वाटलं, आता आमचं काम बुडालं. पण कारखाने हळूहळू सुरू झाले तेव्हा बरीच यंत्रं फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून सुरू झाली. घरी बसून मी आदल्या वर्षाची डायरी काढली. २०१९ मध्ये माझे ४६ दौरे झाले होते. प्रत्येकापुढं प्रामाणिकपणे लिहिलं: हात लावल्याशिवाय काम झालं असतं का? सतरा दौऱ्यांत झालं नसतं. यंत्राची थरथर बोटालाच कळते, ती कॅमेऱ्यात येत नाही. उरलेले एकोणतीस दौरे तोंड दाखवायचे होते. तोंड दाखवण्यालाही धंद्यात किंमत असते, ती मी नाकारत नाही. पण एकोणतीस वेळा?

ती डायरी मी साहेबांपुढं ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांचीही डायरी तशीच निघाली. आता आमच्याकडं तीन गोष्टी ठरल्यात. एका गावी जायचं तर तिथल्या दोन-तीन कारखान्यांचं काम एकत्र करायचं. शक्यतो मुक्काम करायचा आणि सकाळच्या पहिल्या विमानानं परतायचं, कारण दिवसभराचा उशीर तोवर साचलेला नसतो. आणि जे फोनवर होईल ते फोनवर करायचं. दौरे संपले नाहीत, पण निम्म्यावर आले. आणि हो सर, मागच्या वर्षी चेन्नईत मुक्काम केला तेव्हा पहाटे उठून मरीनावर गेलो. समुद्र पाहिला. तुमची आठवण झाली.

आता शेवटचं, आणि हे मागणं आहे. आपल्या तुकडीतले निम्मेअधिक जण जुन्नर-आंबेगावच्या बाहेर आहेत. कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, एक-दोघं परदेशात. आपले आई-वडील मात्र ओतूर, बेल्हे, घोडेगाव, कळंब इथंच आहेत. त्यांच्याकडं अडीनडीला धावतात ते इथं राहिलेले आपले मित्र. मेळाव्यात सत्कार बाहेर गेलेल्यांचे होतात. आज संयोजकांनी मलाही शाल दिली. ती शाल मी घरी नेणार नाही. कुणाच्या खांद्यावर घालायची ते मला माहीत आहे. तो उठून गेला तर पाठीमागून जाऊन घालीन.

आणि शालीपुरतं थांबू नये. बाहेर असलेल्या आपण प्रत्येकानं पाळी लावून महिन्यातला एक शनिवार इथं काढावा. आपल्याच घरी नाही, मित्राच्याही घरी. त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर आपण न्यावं, त्याला त्या दिवशी मार्केटला जाऊ द्यावं. मागं फळ्याजवळ कागद लावलाय. पहिल्या शनिवारापुढं माझं नाव लिहिलंय. खाली अकरा ओळी रिकाम्या आहेत. जेवायला जाण्याआधी कृपया तिकडून या.

आणि त्या दिवशी माझा दौरा निघाला, तर मी साहेबांना सांगणार आहे की मी बाहेरगावी आहे.