ज्याला जे लागतं, ते बाहेरून द्या

जावास्क्रिप्टमधला कोणताही मोठा प्रोग्राम म्हणजे एकमेकांवर विसंबलेल्या ऑब्जेक्टांचा गोतावळा. हे विसंबणं टळत नाही. ते उघड आहे की लपलेलं, एवढाच प्रश्न. वीजबिलावर विलंब आकार लावणारा ऑब्जेक्ट घ्या. त्याला आजची तारीख हवी, म्हणून तो आतल्या आत ‘न्यू डेट’ करून संगणकाचं घड्याळ पाहतो. ओळ एकच, कुणाला खटकत नाही. पण २९ फेब्रुवारीला मुदत संपली तर हिशेब बरोबर येतो का, हे तपासायचं कसं? लीप वर्षाची वाट पाहायची की संगणकाची तारीख बदलायची? तेच घड्याळ कन्स्ट्रक्टरमधून हाती दिलं, तर तपासताना हवी ती तारीख सांगणारं नकली घड्याळ देता येतं आणि ऑब्जेक्टला पत्ताही लागत नाही.

कुणी म्हणेल, २०१५ साली भाषेत मॉड्यूल आले, ‘इम्पोर्ट’ लिहिलं की भागतं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे त्यातून कळतं खरं. पण मॉड्यूल एकदाच चालतं आणि त्याने बाहेर दिलेला ऑब्जेक्ट सगळे मिळून वापरतात. एका टेस्टने त्यात केलेला बदल पुढच्या टेस्टला भोवतो. जेस्टसारखी टेस्ट चालवणारी साधनं अख्खं मॉड्यूल बदलून देतात, पण मग टेस्ट फाइलच्या पत्त्याला बांधली जाते. फाइल हलली की टेस्ट मोडली.

दुसरा आक्षेप कटकटीचा: सगळं बाहेरून द्यायचं, तर ऑब्जेक्टांची जोडणी कुणीतरी करायला हवी. ती फ्रेमवर्कने करावी, असं अनेकांना वाटतं. २०१० साली आलेल्या गूगलच्या अँग्युलरजेएसने ती केलीही: फंक्शनचा मजकूर वाचून पॅरामीटरची नावं हुडकायची आणि त्या नावाचे ऑब्जेक्ट पुरवायचे. मोठी हिकमत! पण साइटवर चढवण्याआधी कोड लहान करणारी साधनं त्याच नावांचं ‘ए’, ‘बी’ करून टाकत, आणि आपल्या संगणकावर नीट चालणारा प्रोग्राम तिथे गेल्यावर कोसळे. उपाय काय, तर नावं अवतरणचिन्हांत पुन्हा लिहायची. म्हणजे वाचवलेली मेहनत हातानेच करायची. मध्यम आकाराच्या प्रोग्रामला असली यंत्रणा लागत नाही, असं माझं मत आहे; सगळे ऑब्जेक्ट घडवून जोडणारी, सुरुवातीलाच चालणारी एक फाइल पुरते. कन्स्ट्रक्टरला आठ पॅरामीटर लागू लागले, तर त्या ऑब्जेक्टने नको तितकी कामं अंगावर घेतली आहेत. बाहेरून देण्याच्या पद्धतीने ते फक्त चव्हाट्यावर आणलं. मात्र अतिरेक नको. ठरलेल्या आकड्यांना ठरलेलंच उत्तर देणारी फंक्शनं खुशाल इम्पोर्ट करा. घड्याळ, नेटवर्क, डेटाबेस आणि यादृच्छिक आकडे, एवढं तरी बाहेरून द्या.