आपल्या दारचा समुद्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



इंग्लंडात ब्रायटन नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १८४१ साली लंडनहून तेथवर आगगाडी गेली आणि एका दिवसाच्या सहलीला माणसांची रीघ लागली. १८९९ साली तेथे समुद्रात लांबवर गेलेला एक धक्का खुला झाला. लोक नुसते त्यावर वारा खायला जातात. आपणां बोरिवलीकरांना रेल्वेसुद्धा नको. गोराई खाडीच्या धक्क्यापर्यंत रिक्षा, मग होडीने खाडी ओलांडली की पलीकडे समुद्र.

तरी आपली सहल दरवर्षी लांबच जाते. बसमध्ये चार-पाच तास बसणे ज्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही, त्या वडील भगिनी घरी राहतात. वर्गणी मात्र सगळ्यांत आधी त्यांचीच येते! म्हणून यंदा गोराईला जावे, अशी माझी सूचना आहे.

तेथे पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारील. विपश्यनेचा पॅगोडा आहे. २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगडात दगड गुंतवून उभारलेल्या त्या घुमटाखाली सुमारे ८००० माणसे बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. बोलक्या बायकांनीही तेथे थोडा वेळ गप्प बसून पाहावे. पुढे गोराई-मनोरीच्या वाटेवर जागोजागी क्रूस दिसतात. तेथील ईस्ट इंडियन भगिनींची घरची बोली मराठीच. किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. वासाने नाक मुरडणाऱ्यांनी वाऱ्याच्या बाजूने चालावे. नातवंडे एस्सेलवर्ल्डचा हट्ट धरतील, तर १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ साली बंद झाले, हे घरूनच सांगून न्यावे.

पण खरी मजा पाण्याची. आपण बायका समुद्रावर जातो आणि चपला-डबे राखीत बसतो. पुरुष आणि मुले भिजून येतात, आपण टॉवेल पुढे करतो. यंदा डबे पाळीपाळीने राखावेत आणि प्रत्येकीने घोटाभर पाण्यात तरी उभे राहावे.

त्यासाठी भरती-ओहोटी कळली पाहिजे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात आहे. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षातही तसेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. तेव्हा अष्टमी बरी. कोणाचा उपास असेल तर सप्तमी.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगते. मालाडच्या आक्सा किनाऱ्यावर किती घरांतील तरुण मुले गेली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तेथे पाण्याला ओढ आहे आणि वाळू पायाखालून सरकते. आपल्या मुलांनी मित्रांबरोबर आक्साचे नाव काढले, तर तिथी कोणतीही असो, पाण्यात उतरू नका असे बजावून सांगा. गोराईलाही जीवरक्षकांनी हटकले तर वाद न घालता मागे फिरावे.

नावे आज सभा संपल्यावर कार्यवाहांकडे द्यावीत. ज्यांना होडीत चढताना हात लागेल, त्यांनी तसे नावापुढे लिहावे; त्यांच्या शेजारी एकेका तरुण भगिनीचे नाव मी स्वतः लिहीन. परतीची शेवटची होडी किती वाजता, ते पलीकडे उतरल्याबरोबर विचारून घेऊ.