सुटीतील वादळे आणि शाळेची पूर्वतयारी
(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारामती व इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेच्या टापूत वसलेले आहेत. वादळ ही कोकणची आपत्ती, येथे काळजी करावयाची ती पाऊस न आल्याची, असा या भागातील सर्वसाधारण समज आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्याची दैना झाली, तेव्हा हा समज अधिकच दृढ झाला असल्यास नवल नाही. परंतु नीरा-भीमेच्या या प्रदेशालाही स्वतःचे वादळ आहे. त्याला कोणी नाव ठेवीत नाही, त्याची वार्ता चार दिवस आधी येत नाही. ते वळवाचे वादळ होय.

एप्रिल-मेच्या उन्हाने जमीन तापते, तापलेली हवा वेगाने वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी काळे ढग उभे राहतात. त्या ढगांतून पाऊस कोसळू लागला म्हणजे त्याच्याबरोबर थंड, जड हवाही खाली येते व जमिनीवर आदळून चोहोकडे पसरते. थेंब पडण्यापूर्वी धुळीचा जो लोट अंगावर येतो तो हाच वारा. त्याचा जोर बहुधा थोडाच वेळ टिकतो. पण कौले आणि पत्रे जावयाचे ते तेवढ्यात जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे गणित वरच्या वर्गातील मुलांनाही सहज समजेल.

आता या वादळाची वेळ पाहावी. एप्रिलअखेर परीक्षा आटोपतात, मे महिना सुटीचा, आणि शाळा पुन्हा उघडते ती जूनच्या मध्यास. म्हणजे वळवाच्या ऐन दिवसांत इमारतीला कुलूप असते, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात आणि उघडी राहिलेली खिडकी लावण्यास कोणी नसते. २०२५ साली तर पाऊसही सुटीतच आला. मुंबईस मोसमी पाऊस एरव्ही ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, तो त्या वर्षी २६ मे रोजी पोहोचला. त्याच्या आदल्याच दिवशी बारामती तालुक्यात मुसळधार पाऊस होऊन पिंपळी-लिमटेक भागात नीरा डावा कालवा फुटला. घरांत व शेतांत पाणी शिरले. ज्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात तयारी करण्याचे योजिले होते, त्यांना तो आठवडा मिळालाच नाही. म्हणून शाळेची पावसाळी आवराआवर निकालाच्या दिवसापूर्वी पुरी झाली पाहिजे. सुटीनंतर करावयाचे काम म्हणून ती मांडून ठेवता येत नाही.

प्रथम छपराकडे पाहावे. वारा पत्रा दाबून मोडीत नाही, तो त्यास वर उचलतो. वळचणीबाहेर आलेली कड आधी फडफडते, एक हूक निसटतो आणि मग सारी रांग सुटते. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. तेव्हा गंजलेले हूक व झिजलेले वायसर बदलून घ्यावेत, कडेच्या ओळीस अधिक हूक मारावेत आणि खिडक्यांच्या कड्या नीट बसतात की नाही हे हाताने लावून पाहावे. पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल खेड्यांतून सर्रास आढळते. ती सोडून दिलेली बरी. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली कोणाच्या तरी डोक्यात पडावयाचा. छपरावर आलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या फांद्या ग्रामपंचायतीस कळवून उतरवून घ्याव्यात. पन्हळीतील पाला काढावा. मुख्य बटण बंद केल्यावाचून कुलूप लावू नये.

दप्तराची गोष्ट निराळी आहे. पत्रे पुन्हा बसविता येतात. पण जनरल रजिस्टर भिजून शाई पसरली म्हणजे गावातील पिढ्यांच्या जन्मतारखा पुसल्या जातात. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचे निवृत्तिवेतन त्या एका नोंदीवर अवलंबून असते. ही रजिस्टरे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून, भिंतीपासून दूर ठेवलेल्या लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवावीत. वरच्या खणास गळतीचे भय, खालच्यास पुराचे. पानांची छायाचित्रे काढून ती दुसरीकडे जपून ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. इमारतीचीही चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पुढे पंचनाम्याच्या वेळी पूर्वी काय होते ते दाखविता येते.

वाहनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गुरुजींचा सल्ला पालक ऐकतात. वादळाची चिन्हे दिसताच दुचाकी झाडाखाली किंवा जाहिरातीच्या फलकाखाली लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. ती भिंतीच्या आडोशास, मधल्या स्टँडवर उभी करावी. ट्रॅक्टरच्या उभ्या धुराड्यावर डबा पालथा घालण्याची शेतकऱ्यांची रीत उत्तम आहे. मोटारीच्या इंजिनात पाणी गेले असल्यास ती चालू करून पाहू नये. पाणी दबत नाही, आतील दांडा वाकतो. आणि ओढ्यावरील फरशीवरून पाणी वाहत असताना कोणतेही वाहन त्यात घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीस ढकलू शकते.

इंदापूर तालुक्यास आणखी एक वाहन आहे, ते म्हणजे होडी. उजनीच्या फुगवट्याने काठची गावे एकमेकांपासून दुरावली. रस्त्याचा फेरा मोठा, म्हणून लोक पाण्यातून जातात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. ढग भरून आल्यावर होडी सोडू नये आणि अंगात तरंगजाकीट असल्याशिवाय मुलास तीत बसवू नये, एवढ्या दोन गोष्टी त्या काठच्या प्रत्येक शाळेने सुटीपूर्वीच्या पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. वळवाची वेळ तिसऱ्या प्रहरानंतरची असल्याने पलीकडची कामे सकाळीच उरकण्यास सांगावे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे साधन भ्रमणध्वनीवर जवळपासच्या विजेची सूचना देते. तेही पालकांना दाखवावे.

राहता राहिली शाळेची किल्ली. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून पाणी सोडल्यावर कऱ्हेस पूर आला व बारामतीत नदीकाठची वस्ती रातोरात हलवावी लागली. अशा वेळी गावातील पक्की इमारत म्हणजे बहुधा शाळाच. तिची एक किल्ली सुटीत गावातच असावी, आणि ती कोणाकडे आहे हे सरपंच, पोलीस पाटील व केंद्रप्रमुख यांना लेखी कळविलेले असावे.