पाणी कोणाच्या वाट्याचे?

मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधीच्या महिन्यात शहरातील पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली होती. तहानलेल्यांना पाणी पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्यच होते. परंतु मांजरा धरण कोरडे का पडले, हा प्रश्न स्वागताच्या गडबडीत मागे पडला. महाराष्ट्रात पिकांखालील जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, हे खुद्द केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदविले आहे. हा काही केवळ वरुणराजाचा कोप नव्हे!

१९७२ च्या दुष्काळात कष्टकऱ्यांनी काम मागितले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि काम हा हक्क ठरला.

पाण्याचे तसे झाले नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला, ऊस वर्ज्य केला. उलट २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने कोटा बांधला तो लाभक्षेत्रातील जमीनधारकाच्या नावे. शेतमजूर बाहेरच राहिला.

म्हणून टँकरचे निवेदन घेऊन तहसील कचेरीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच कागदावर धरणाचा हिशेबही मागावा: किती पाणी सुटले, कोणत्या पिकाला, कोणाच्या शेतात.